तीनशे वीस पावलं

“मीटर कुणाला कळतंय, ताई? पावलं लिव्हा,” असं म्हणून ते पाणी सोडायची लांब लोखंडी चावी खांद्यावर घ्यायचे आणि मोजत निघायचे.

आमच्या गल्लीत पाणी सोडणारे ते मामा. असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नळ कोरडा राहिला तरच आपल्याला आठवणारा. परक्या माणसानं एकट्यानं फिरून जुन्या शहरातल्या इमारती पाहाव्यात, असा कागदी नकाशा करायचं काम कॉलेजनं माझ्याकडं दिलं होतं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पुस्तकं वाचून यादी केली, पण गल्ल्या काही पुस्तकात सापडेनात. म्हणून मामांना धरलं.

त्यांचा उजवा पाय अधू होता. छोटी छोटी पावलं टाकत ते मला भडकल दरवाज्यापासून आत आत न्यायचे. एखाद्या कमानीत थांबवून भिंतीला हात लावायला सांगायचे.

“गार लागतंय नव्हं? खालून जुन्या पाण्याची नहर गेलीया.”

भर दुपारी ते जुनं पाणी पायाखालून चालल्यासारखं वाटायचं आणि सगळं शहर त्याच्यावर हलकेच तरंगल्यासारखं.

शेवटचा थांबा त्यांचा होता. काळ्या दगडाची बैठी शाळा. यात पाहण्यासारखं काय, असं मी विचारलं, तर ते पायरीवर बसले.

“हिचे दगड माझ्या आईनं डोक्यावर वाहिले. मी त्या लिंबाला झोळीत. तिचं नाव कुठंच नाय, ताई. माणसं घटकाभर थांबली तरी लई झालं.”

आमचे सर म्हणाले, शाळा काढून टाका. मी काढली नाही. ‘शेवटच्या कमानीपासून तीनशे वीस पावलं’ असं छापलं.

नकाशा छापून आला त्याच महिन्यात मामा गेले.

फिरून आलेले लोक म्हणू लागले, शाळा सापडत नाही. मी स्वतः मोजत गेले, तर तीनशे वीसला पिठाच्या गिरणीपुढं उभी. शाळा कधीच मागं पडली होती. मग लक्षात आलं. पावलं मामांची होती.

सर म्हणाले, आता तरी मीटर लिहा. मी आकडा तसाच ठेवला. नव्या नकाशावर वर एकच ओळ घातली: ‘पावलं लहान टाका.’

हल्ली संध्याकाळी मी त्या लिंबाखाली बसते. हातात कागद धरलेली माणसं ओठांत मोजत, मामांसारखी हळूहळू येतात. तीनशे वीसला थांबतात. मग एखादी बाई भिंतीला हात लावते.