सानेबाईंचा संशय आणि रात्रपाळीचा खांब

आमच्या सानेबाई चहाच्या कपातही आधी वाकून बघायच्या, मग प्यायच्या. कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात त्या संख्याशास्त्राचं काम बघायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली. डोंबिवलीहून मी जरा लवकर पोचले तरी विचारायच्या, "आज इतक्यात कशी? घरी काही बिनसलंय का?" मागे सगळे त्यांना संशयबाई म्हणायचे. बाईंना ते ठाऊक असणार, असा मला दाट संशय होता.

आलेख हातात आला की बाई आधी आडव्या अक्षाखालची नावं वाचायच्या. "खांब कॉम्प्युटर काढतो गं, नावं माणूस घालतो. आणि माणूस म्हटला की आलंच."

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. कुठल्या पाळीत किती माल खराब होतो याचा आलेख साहेबांना हवा होता. प्रोग्रामनं खांबांखाली इंग्रजी आद्याक्षरं छापली. साहेब वैतागले, "वरच्यांना हे काय कळणार? पूर्ण नावं टाका." बाईंनी स्वतः टाकली: पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. रात्रपाळीचा खांब ताडमाड उंच निघाला आणि तिथल्या ऑपरेटरला, कोळीवाड्यातल्या नाखवाला, काढून टाकायचं ठरलं.

बाईंचं जेवणात लक्ष लागेना. "नाखवाचा माल आजवर परत आलाय का कधी?" आधी साहेबांवर संशय, मग माझ्यावर. "तू आकड्यांना हात लावलास का?" माझं डोकंच फिरलं. शेवटी त्यांनी घातलेली नावं काढून आलेख पुन्हा छापला आणि खांबांखालच्या आद्याक्षरांवर बोट ठेवलं. प्रोग्रामनं खांब इंग्रजी वर्णक्रमानं मांडले होते: फर्स्ट, नाइट, सेकंड. बाईंनी नावं घातली पाळीच्या क्रमानं. दुसऱ्या पाळीचं पाप रात्रपाळीच्या माथी.

तशाच उठून त्या साहेबांकडे गेल्या. मी मागे. "सर, नावं मी चुकीची घातली. नाखवाचा खांब मधला, सगळ्यात बुटका."

"आलेख वर गेला, बाई. आता कशाला उकरताय?" दुसऱ्या पाळीचा माणूस साहेबांच्या गावचा होता. याला योगायोग म्हणायचं तर खुशाल म्हणा.

"मग माझा राजीनामाही वर पाठवा. चूक माझी आणि भाकरी त्याची जाणार?"

नाखवा कामावर राहिला. बाईंची बढती मात्र त्यानंतर कायमची अडली. त्यांनी फक्त एक नियम लावून घेतला: ज्याचा खांब, त्याची सही घेतल्याशिवाय आलेख वर जाणार नाही.

निवृत्त झाल्यावरही बाई घरी आलेख बघून द्यायच्या; वर्षभरातच त्या गेल्या. त्यानंतरचा पहिला आलेख घेऊन मी नाखवाकडे गेले.

"नावं कोनी घातली?"

"मी."

"बाईंनी बघितली?"

"नाखवा, बाई गेल्या हो."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग आलेख माझ्या हातात परत दिला. "मंग मी सही नाय करायचा. बाईंसारख्या बाईंचा हात चुकला, तू तर कालची पोर."

मला राग आला नाही, रडू आलं. आलेख घेऊन मी परत टेबलाशी गेले आणि नावं काढून पहिल्यापासून तपासायला बसले.