शिंप्याची बटणं

स्मृती हरवलेल्या माणसांच्या केंद्रात रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'बटणवाल्या बाई' म्हणत. बाईंना ते आवडत नसे, कारण चमचा धरणं, कुलूप उघडणं, बुटाची नाडी बांधणं हेही त्याच शिकवत. त्यांचा नियम एकच: शिकताना चूक होऊच द्यायची नाही. डोकं चूक विसरतं, हाताला मात्र ती पाठ होते. हे त्यांनी नव्या परिचारिकांना इतक्यांदा ऐकवलं होतं की त्या दिसल्या की पोरी वाट बदलत.

म्हातारा शिंपी आला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, दीड महिन्यात स्वतःचा शर्ट स्वतः घालता आला तर घरी, नाहीतर कायमचा इथेच. सारा जन्म बटणं लावण्यात गेलेल्या माणसाला बटण लावायला शिकवायचं होतं. बाई रोज स्टूल ओढून त्याच्यासमोर बसत, आपल्या अ‍ॅप्रनचं बटण लावून दाखवत, मग त्याचा हात हातात घेत. आठवड्याभरात हात सराईत झाला. फक्त तो बाईंच्या अ‍ॅप्रनकडेच वळायचा. होईल हळूहळू, असं बाईंनी स्वतःला समजावलं.

परीक्षेच्या दिवशी शिंप्याने डॉक्टरांच्या कोटाची पाचही बटणं लावली, कॉलर सरळ केली आणि एक पाऊल मागे सरून काम निरखलं. त्याचा स्वतःचा शर्ट उघडाच होता. बाईंना आपली चूक उमगली. समोर गिऱ्हाईक असलं की शिंपी स्वतःकडे कशाला बघेल? हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्यांनी समोर नाही, शेजारी बसायला हवं होतं. दीड महिना चूक घोटून घेतली होती ती त्यांनीच. डॉक्टरांनी निकालाच्या कागदावर 'नाही'च्या चौकोनात खूण केली.

तेवढ्यात शिंप्याची बायको आली. स्वेटर उघडा, संधिवाताने बोटं वाकडी झालेली. शिंपी उठला आणि तिची सगळी बटणं लावून मोकळा झाला.

बाईंनी मान खाली घालून तिला निकाल सांगितला, चूक आपली हेही सांगितलं. ती म्हणाली, "अहो बाई, ह्यांच्यासाठी मी डोक्यावरून घालायचा बिनबटणाचा सदरा आणलाय. पण ह्यांना इथे ठेवून घेतलंत, तर माझी बटणं कोण लावणार?"

बिनबटणाचा सदरा दीड महिन्यात एकाही शहाण्याला सुचला नव्हता. डॉक्टरांनी कागद पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर 'घरी पाठवावे' असं लिहिलं.

बाई आजही तोच नियम ऐकवतात. उदाहरण मात्र स्वतःचं देतात.