रोल नसलेला कॅमेरा

आमच्या ह्यांचा जुना रोलचा कॅमेरा विकायचा ठरला, कारण त्याच्या बघायच्या खिडकीत माणूस दोनदा दिसतो. रिंग फिरवून दोघांचा एक केला की फोटो स्पष्ट येतो. डोळ्यांच्या दुखण्यामुळे ह्यांना अलीकडे कॅमेऱ्याशिवायही सगळं दोनदा दिसत होतं.

मोबाईलवर जाहिरात टाकली. पुण्याची एक मुलगी राजगडला येणार होती, म्हणून गडाच्या पायथ्याच्या पालीत भेटायचं ठरलं. भोरहून स्कूटर मी चालवली.

चहाच्या टपरीवर मुलीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि टपरीवालीला म्हणाली, "मावशी, जरा हलू नका."

मावशींनी गॅस बंद केला, पदर सारखा केला आणि आतून आपल्या सासूबाईंना बोलावलं. सासूबाई खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या. मुलीने रिंग फिरवली, बटण दाबलं.

"कवा मिळंल फोटो?" मावशींनी विचारलं.

ह्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "यात रोल नाही. ती नुसता कॅमेरा तपासत होती."

"मंग म्या हितं कशाला बसले?" सासूबाईंनी विचारलं.

मुलगी ओशाळली. "पुढच्या वेळी रोल घेऊन येते, आजी."

"समदी तसंच म्हणत्यात," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी गॅस पेटवला.

ह्यांनी पिशवीतून रोल काढला. मुलीला भेट द्यायला आणला होता, मला सांगितलं नव्हतं. तो त्यांनी न बघताच भरला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बराच वेळ रिंग फिरवत राहिले.

"दोन आज्या एक होत नाहीत," ते शेवटी म्हणाले.

मग मुलीने सासूबाईंपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं आणि रिंगवरच्या आकड्यांवर लावून दिलं. ह्यांनी फोटो काढला, कॅमेरा पट्ट्यासकट तिच्या हातात दिला आणि चहा प्यायला बसले.

मुलीने फोटो खरंच मोबाईलवर पाठवला. आम्ही त्याची प्रत काढून पालीला नेली. मावशींनी ती हातात घेऊन नीट पाहिली.

"मागं घासायची भांडी दिसत्यात," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "असू दे," त्या म्हणाल्या. "भांडीबी चांगली आल्यात."