वाकड्या दिसणाऱ्या रेघा

आमचे हे घरांचे नकाशे काढतात. काढायचे म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही. ऑफिसात सगळे त्यांना मास्तर म्हणत. कुणाचाही नकाशा आधी मास्तरांच्या नजरेखालून जायचा, मगच बाहेर. घरातही तोच जाच. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं असलं तरी यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

बारीक अक्षर दिसेना, तेव्हा ऑफिसातल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून दिली. एकशे पंचवीस टक्के. हे हरखून घरी आले. "दोन क्लिकांत वय उतरलं बघ," म्हणाले. पुढे दीडशे झाले, मग दोनशे. नकाशा स्क्रीनवर मावेना, पण अक्षर वाचता येतंय ना, मग झालं. मी म्हटलं, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ.

"मोठं केलं की दिसतंय. डॉक्टर आणखी काय वेगळं करणार?"

हट्टीपणात यांचा हात धरणारं कुणी नाही.

मग रेघा वाकायला लागल्या. दारांच्या, खिडक्यांच्या, मधोमध पोट सुटल्यासारख्या. यांनी खापर फोडलं ते अक्षरं मोठी करण्यावर. "एवढं ताणल्यावर चित्र बिघडणारच." दुरुस्तीवाला बिचारा हेलपाटे घालून दमला. शेवटी त्यानं स्क्रीनच नवा बसवून दिला. रेघा त्यावरही वाकड्याच. हल्ली मालच असला येतो, हे म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांच्या रेघांत चुका काढल्या, स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायचं मात्र सुचलं नाही.

एका रविवारी अंघोळ करून बाहेर आले आणि म्हणाले, "बाथरूममध्ये फरशी कुणी बसवली गं? सांधे बघ कसे वाकलेत."

ती फरशी यांनी स्वतः उभं राहून, दोरी लावून बसवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बारीक चौकटी छापलेला कागद पुढे धरला. "छपाई खराब आहे," हे म्हणाले. बाईंनी कागद तसाच धरून ठेवला. तेव्हा यांनी कागद माझ्या हातात दिला. "तू सांग."

"सरळ आहेत हो सगळ्या."

त्यावर यांनी वाद घातला नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

डोळ्यांचे पडदे मधोमध खराब झाले होते. सुरुवातीलाच आला असतात तर इंजेक्शनं देऊन थोपवता आलं असतं, बाई म्हणाल्या. आता कडेकडेचं दिसेल, समोरचं नाही. मला यांचा भयंकर राग आला, त्या दोन क्लिकांचाही आला. रिक्षात मी रडत होते आणि हे विचारत होते, "सर्दी झाली का?"

ऑफिसातलं सामान आणायला मीही गेले. पट्ट्या, कप, जुना स्वेटर पिशवीत भरला. हे शेवटचे खुर्चीत बसले आणि मला स्क्रीनची सेटिंग उघडायला लावली. "शंभरवर आणून ठेवू. नंतर बसेल त्याला त्रास नको." मग मान तिरकी करकरून तो आकडा शोधत राहिले. जिथे बघायचे, नेमकं तिथलंच दिसत नव्हतं. शेवटी मी त्यांच्या हातावर हात ठेवून माउस नेला आणि त्यांचं बोट दाबलं. अक्षरं मुंगीएवढी झाली.

"झालं?" त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं.

"झालं," मी म्हटलं.