एझ्राकाका आणि बायबलबाहेरची पुस्तकं

एझ्राकाका गेले.

इथे आखातात, खलिफा सिटीत, मला हक्काने रागावणारं आता कोणी उरलं नाही.

आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचे. मूळ अलिबागचे. बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. रिटायर्ड स्ट्रक्चरल इंजिनियर. त्यांच्या नव्या वर्षाला स्वतः गव्हाच्या चिकाचा हलवा करून आणायचे आणि दारातच दम द्यायचे, "गुठळ्या झाल्यात. गपचूप खा."

काकू गेल्यावर त्यांना एकच वेड उरलं होतं. ज्यूंच्या बायबलमध्ये ज्यांना जागा मिळाली नाही, असे जुने ज्यू ग्रंथ.

मी एकदा विचारलं, "काका, धर्मानेच बाजूला ठेवले म्हणजे ते खोटेच ना?"

"अगं, पवित्र काय ते धर्माने ठरवलं. म्हणून घडून गेलेलं बदलतं का? साक्ष तपासून घ्यावी. फेकून कशाला द्यायची?"

मग हनुका समजावला. त्यांचा दिव्यांचा सण.

"परक्या राजाने आमचा धर्म बंद केला. भाऊ-भाऊ मिळून लढले, देऊळ परत मिळवलं. हे कळतं कुठून? याच पुस्तकांतून! आम्ही सोडली, ख्रिश्चनांनी सांभाळली."

त्यांचा मुलगा योएल टोरांटोला. तिकडे जाऊन बराच धार्मिक झालेला.

मागच्या हनुकाला व्हिडिओ कॉलवर नातीने विचारलं, "आजोबा, डिड द ऑइल रिअली बर्न फॉर एट डेज?"

मी तिथेच चहा पीत होते. देवळातलं एका दिवसापुरतं तेल आठ दिवस जळलं, ही हनुकाची लाडकी गोष्ट.

काका म्हणाले, "बाळा, सगळ्यात जुन्या पुस्तकांत तेलाचा चमत्कार नाहीच. लढाई आहे."

योएल स्क्रीनवर आला. "बाबा, प्लीज. मुलांच्या डोक्यात असलं काही भरवू नका."

कॉल कट.

काका फोनकडे बघत राहिले. "चहा गार झाला गं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर योएलचे फोन यायचे, पण तब्येतीपुरते.

गेल्या महिन्यात काकांना हार्टच्या त्रासाने ॲडमिट केलं. योएल एअरपोर्टवरून थेट हॉस्पिटलमध्ये आला. मी डबा घेऊन गेले होते.

मग योएलने खुर्ची जवळ ओढली.

"बाबा, ती लढाई नीट सांगा ना. मी कधी पूर्ण ऐकलीच नाही."

काका थांबत थांबत, दम खात सांगू लागले. डोंगरात लपलेली माणसं, राजाची फौज. पुस्तकं कुठे फुगवून सांगतात, कुठे एकमेकांशी जुळत नाहीत, तेसुद्धा.

नर्स इथल्या अरबी-हिंदीत म्हणाली, "खलास अंकल, बस हो गया, अब रेस्ट."

"हबीबी, पाँच मिनट. बेटा पहली बार सुन रहा है."

मग योएलचा हात धरून म्हणाले, "तेलाची गोष्टही पोरांना सांगत जा हां. लोकांनी ती इतकी का जपली, तोही इतिहासच आहे."

योएलने त्यांच्या तळव्यावर कपाळ टेकलं.

"दोन्ही सांगेन, बाबा."

परवा काका गेले. योएल त्यांना अलिबागला घेऊन गेला. आज काकूंच्या शेजारी त्यांना जागा मिळाली.

शांत झोपा, काका.

तुमच्या शेजारणीचा भरल्या डोळ्यांनी शालोम.