दाराला बाहेरून कडी

ते प्रकरण आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं. त्यातला बराचसा राग माझा माझ्यावरच असतो.

आठ वर्षांची मुलगी. आई हयात नाही. बापाने केलेल्या मारहाणीचा गुन्हा आम्हीच नोंदवला आणि त्याला अटक केली. बाल कल्याण समितीने मुलीला लालबागच्या चाळीत एकट्या राहणाऱ्या मावशीकडे सोपवलं. आमच्या लेखी काम संपलं.

तीन आठवड्यांनी त्याच चाळीतल्या एका बाईंचा ठाण्यात फोन आला. "साहेब, पोरगी आत रडते आणि मावशी बाहेरून कडी लावून जिन्यात बसते. रोजचंच झालंय."

स्टेशन डायरीत नोंद करून दोघींना बोलावलं. मुलीला महिला शिपायाबरोबर शेजारच्या खोलीत बसवलं. अंगावर नवा वळ एकही नव्हता.

"मारता का तिला?" मी मावशीला विचारलं.

"नाय साहेब."

"मग कडी का लावता?"

उत्तर नाही. तासभर हेच. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी नोकरीभर धरून चाललेलो.

तेवढ्यात शेजारी मुलगी रडू लागली. मावशी ताडकन उठून बाहेर निघाली.

"खाली बसा!" मी खेकसलो.

चाळिशीची ती बाई दोन्ही हात डोक्यावर धरून भिंतीशी उकिडवी बसली. मार चुकवणारं पोर बसतं, तशी.

पाणी दिल्यावर ती बोलली. "लहानपणी मी रडले की बाबा पट्टा काढायचे. अजून कोण रडलं की हातपाय गार पडतात. मग हिला गप करायला माझाच हात उठेल असं वाटतं. म्हणून बाहेर पळते."

मुलीला बालगृहात हलवायची चर्चा सुरू झाली. ती म्हणाली, "मला मावशीच पायजे." अखेर समितीने दोघींनाही समुपदेशकाकडे पाठवलं.

काही महिन्यांनी मी साध्या कपड्यांत चाळीत गेलो. मुलगी रडत होती, दार सताड उघडं. मावशी घामाने भिजलेली, पण तिच्या शेजारी बसून म्हणत होती, "रड गो बाय. मी हयच आसंय."

मुलगी सोपवण्याआधी आम्ही मावशीचं नातं तपासलं, खोली पाहिली, कागद घेतले. तिचं स्वतःचं बालपण कसं गेलं, हे कोणीच विचारलं नव्हतं. हा प्रश्न चौकशीत घ्यावा, असं मी वर लिहून पाठवलं. शेरा आला: "नमुन्यात असा रकाना नाही."

निवृत्त होईपर्यंत मी तो प्रश्न समासात लिहीत राहिलो.