पावाला नमस्कार

चाकणच्या किराणा गोदामात माझे एक सहकारी शेजारच्या टेबलावर बसतात. मूळचे मोशीचे. सकाळी भेटले की पहिला प्रश्न, "न्याहारी केली का, राव?" डब्यातलं एखादं शीत सांडलं तरी वाकून उचलतात, कपाळाला लावतात आणि तोंडात टाकतात. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं.

परवा दुपारी मी मागच्या दाराशी गेलो. उद्या तारीख संपणाऱ्या पावांचा ढीग पडला होता. ते एकेक पुडा कपाळाला लावत, चाकूनं फाडत आणि वरून फिनाइल ओतत होते. पाव अजून मऊ होते.

मी विचारलं, "कंपनीचा नियम आहे का हा?"

"न्हाई. कंपनी नुस्तं टाका म्हणते. पण कुंपणापलीकडल्या झोपड्यांतली माणसं उचलून न्यायला लागली. उद्या कुणाचं पोट बिघडलं, तर आपली नोकरी जायची."

मग त्यांनी साबणानं स्वच्छ हात धुतले. "चला, जेवू. मेथी हाय आज."

मी उपास आहे म्हणालो. त्यांनी लगेच पिशवीतलं केळं काढून माझ्या हातात ठेवलं. त्याला फिनाइलचा वास येत होता.